व्यायामशक्तीचा रकाना : प्रारंभिक की प्रगत?

उमरी व परिसरातील चिकित्सालयांत अलीकडे एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. विशी-पंचविशीतील तरुण मोबाईलवरील घरगुती व्यायामाचा कार्यक्रम वैद्यांसमोर धरतो आणि विचारतो, "डॉक्टरसाहेब, ह्यातलं सुरुवातीचं करू का एकदम पुढचं?" पुष्कळदा तो पोलीस भरतीच्या तयारीत असतो, हाती दोन-तीन महिने असतात आणि म्हणून 'पुढच्या'कडेच त्याचा कल असतो. हाच प्रश्न औषधी दुकानाच्या गल्ल्यावरही, शक्तिवर्धक चूर्ण मागताना, विचारला जातो. "जमेल तेवढे करा" हे त्याचे उत्तर नव्हे.

या प्रश्नाचे उत्तर देण्याचे साधन आपल्या शास्त्रात पूर्वीपासून आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात दशविध परीक्षेत व्यायामशक्तीला स्वतंत्र स्थान दिले असून कर्म करण्याच्या सामर्थ्यावरून तिचे प्रवर, मध्यम व अवर असे त्रिविध अनुमान करावे असे सांगितले आहे. आपल्या रुग्णपत्रकावर हा रकाना असतोच. खेदाची गोष्ट अशी की, तो बहुधा 'मध्यम' असे लिहून रुग्णाकडे न पाहताच भरला जातो. नाडी व जिव्हा जितक्या काळजीने पाहिली जाते, तितक्या काळजीने ही परीक्षा झाली तर प्रारंभिक-प्रगत हा वाद पाच मिनिटांत मिटतो.

आम्ही ती अशी करतो. रुग्णाला सावकाश बैठका मारावयास सांगतो व मोजत राहतो. सुश्रुताचार्यांनी बलार्धाची खूण दिली आहे : हृदयस्थ वायू मुखावाटे येऊ लागला, म्हणजेच तोंडाने श्वास घ्यावा लागला, की अर्धे बल खर्ची पडले. कपाळ, नाक, काखा व सांधे येथे घाम आणि मुखशोष ही लक्षणे उत्तरकालीन ग्रंथांत येतात. ज्या संख्येवर ही चिन्हे दिसतात ती त्या रुग्णाची आजची मात्रा. आधुनिक व्यायामशास्त्रातही अशीच एक सोपी कसोटी वापरली जाते : मध्यम व्यायामात माणसाला बोलता येते, पण गाता येत नाही. दहा-बारा बैठकांतच दम लागणाऱ्याला प्रगत कार्यक्रम देणे म्हणजे अवर व्यायामशक्तीला प्रवराची मात्रा देणे होय.

मात्र संख्या हे सर्वस्व नव्हे. सोयाबीनच्या राशीवर दिवसभर राबलेला मजूर पन्नास बैठका सहज मारील, तरीही त्याला संध्याकाळी प्रगत व्यायाम सांगणे आम्हास मान्य नाही. भार वाहून व वाट चालून कृश झालेल्यांना चरकांनी व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. श्रम आणि व्यायाम यांत भेद आहे; व्यायामाच्या व्याख्येत ती चेष्टा इष्ट असावी ही अट आहे. निंदणी-खुरपणी करून आलेल्या माउलीला बैठका नव्हेत, विश्रांती व स्निग्ध आहार हवा. उलट मोंढ्यातील गादीवर दिवस काढणाऱ्या मेदस्वी, प्रमेही व्यापाऱ्याला व्यायाम हेच औषध आहे. पण त्याचाही आरंभ पहिल्याच पायरीवरून व्हावा, आणि रक्तदाब व हृदय तपासल्याशिवाय होऊ नये.

प्रगत व्यायामाला आपला विरोध आहे असा याचा अर्थ नाही. मराठवाड्याच्या मातीने प्रवर व्यायामशक्ती पाहिली आहे. १९६९ चे महाराष्ट्र केसरी हरिश्चंद्र बिराजदार हे लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे. परंतु तालमीत जोर-बैठकांची संख्या वस्ताद वाढवितो, पठ्ठ्याचा चेहरा पाहून थांबवितो, आणि खुराकात दूध-तूप असते. वाग्भटांनी अर्धशक्ती व्यायाम सांगितला तोही बलवान व स्निग्धभोजी व्यक्तींसाठी. मोबाईलवरील कार्यक्रमात व्यायाम आहे, पण वस्ताद नाही आणि तूपही नाही. ही उणीव वैद्यानेच भरून काढावयाची आहे.

पायरी चढण्यासाठी आम्ही चरकोक्त पादांशिक क्रमाचा आधार घेतो. हा क्रम सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अहितकर सवय सोडण्यासाठी व हितकर सवय लावण्यासाठी आला आहे; व्यायामाचे विवेचनही त्याच अध्यायात आहे. समजा, आजची मात्रा २० बैठका आणि उद्दिष्ट ६० आहे. तर अंतर ४०, त्याचा चतुर्थांश १०. आठवड्याला १० वाढवावयाच्या, आणि वाढीनंतर सकाळी अंग जड, भूक मंद वा झोप अपुरी असेल तर संख्या तिथेच थांबवावयाची. भरतीच्या उमेदवाराला हा वेग कमी वाटतो. महिनाभरात तिप्पट होते हे त्याला कागदावर मांडून दाखवावे.

ऋतूचा विचार आपल्याकडे विशेष महत्त्वाचा. अर्धशक्तीपर्यंतचा व्यायाम शीतकाळी व वसंतात. इतर वेळी त्याहूनही मंद, असा वाग्भटांचा निर्देश आहे. नांदेड जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. दिवाळीनंतर ठरलेली मात्रा वैशाखात कमी केलीच पाहिजे.

आता औषधी दुकानदार बंधूंसाठी एक गंभीर सूचना. सवय नसताना एकाच दिवशी शेकडो बैठका मारल्यास स्नायूंचा नाश होऊन त्यातील द्रव्ये रक्तात उतरतात व वृक्कांना इजा होते. आधुनिक वैद्यकात यास रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. मांड्यांत असह्य वेदना व सूज, गळून गेलेले पाय, आणि कोऱ्या चहाच्या रंगाचे मूत्र ही त्याची लक्षणे. असा तरुण दुकानात येऊन 'अंगदुखीची गोळी' मागतो. ती देऊ नये. वेदनाशामक गोळ्यांनी वृक्कांवरचा भार वाढतो. मूत्राचा रंग विचारावा आणि त्याच दिवशी रक्ततपासणी व सलाईनची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. अशा वेळी अश्वगंधा किंवा लेप देत दिवस घालवणे वैद्यासही शोभणारे नाही.

साधी अंगदुखी असेल तर गोष्ट निराळी. व्यायामानंतर सर्वांगाचे सुखावह मर्दन करावे असे वाग्भट सांगतात. त्यासाठी तीळतेल द्यावे. आपला भाग करडईचा, म्हणून घरात करडईचेच तेल असते; परंतु कुसुंभस्नेहाला चरकांनी स्थावर स्नेहांत सर्वाधिक अहितकर म्हटले आहे. बाटलीवर तिळाचे तेल आहे ना, एवढे गिऱ्हाईकाला वाचून दाखवावे.