पाव आणि मीठ

रशियात पाहुण्याचे स्वागत पाव आणि मीठ देऊन करण्याची जुनी प्रथा आहे. भरतकाम केलेल्या लांब कापडावर गोल पाव व मिठाची लहानशी वाटी ठेवतात. पाहुणा तुकडा मोडून मिठाला लावतो व खातो. लग्नात नवदांपत्यासमोरही असाच पाव येतो. ‘ख्लेब’ म्हणजे पाव, ‘सोल’ म्हणजे मीठ. आतिथ्याला रशियन शब्दच आहे ‘ख्लेबोसोल्स्त्वो’.

या साध्या जिनसांना एवढा मान का? वाणिज्याच्या विद्यार्थ्याने उत्तर बाजारभावात शोधावे. पूर्वी तेथे मीठ महाग होते. १६४६ मध्ये त्यावर जबर कर बसला. तो उठल्यावर जुन्या करांची थकबाकी वसूल होऊ लागली आणि १६४८ मध्ये मॉस्कोत ‘मिठाचा दंगा’ उसळला. पावाचे मोल पुढे वेढ्यातील लेनिनग्राडने जाणले. २० नोव्हेंबर १९४१ पासून महिनाभराहून अधिक काळ तेथे मुलांना व कारकुनांना रोज अवघा १२५ ग्रॅम पाव मिळे, तोही भेसळीचा. त्या पिढीच्या घरांत पावाचा तुकडा टाकणे पाप वाटे.

जे मोलाचे, ते आधी पाहुण्याला द्यावे, हा या प्रथेचा हिशेब. खाल्ल्या मिठाला जागावे असे म्हणणाऱ्या आपल्याला तो परका वाटू नये.