विदर्भाचा कॅलिफोर्निया आणि फिरायचा हंगाम

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शी पट्ट्याला संत्र्यांमुळे ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणतात. त्यावरून इथली हवाही भूमध्य सागराकाठच्या प्रकारातली असावी, असा समज होतो. साम्य फळापुरतेच आहे. कॅलिफोर्निया, इटली, ग्रीस या भागांवर उन्हाळ्यात हवेच्या जास्त दाबाचा पट्टा ठाण मांडतो. पाऊस येतो तो हिवाळ्यात, पश्चिमी वाऱ्यांबरोबर. वऱ्हाडात नेमके उलटे: बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरचा, हिवाळा कोरडा. संत्र्याचे मूळही मोसमी पावसाच्या आशियातच आहे. फुलोऱ्यापूर्वी झाडाला विसावा लागतो आणि तो शेतकरी पाणी तोडून, म्हणजे ताण देऊन घडवतो. आंबिया बहराच्या ताणाला थंडीची साथ मिळते. मृग बहराचा ताण मे महिन्यातल्या उन्हात बसतो आणि मिरगाच्या पावसाने सुटतो.

वऱ्हाडाच्या हिवाळ्यात पाऊस पडतच नाही, हेही खरे नाही. भूमध्य सागराकडून येणारे पश्चिमी प्रक्षोभ एरवी उत्तर भारतावरून निघून जातात. कधी त्यांच्या प्रभावाला बंगालच्या उपसागरावरून येणारे बाष्प मिळते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट होते. २०१४ साली तिने उभा गहू, हरभरा आणि संत्रा झोडपला. भूमध्य सागराचा वऱ्हाडाशी खरा संबंध आहे तो हा, आणि तो शेतकऱ्याला नकोसाच आहे.

फिरायच्या हंगामाबद्दलही असेच समज आहेत. चिखलदरा थंड हवेचे ठिकाण, म्हणून मे महिन्यात तिथे जावे, हा सर्वांत पक्का. उंचीमुळे हवेचे तापमान दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरते. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटरवर, चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर. म्हणजे फरक पाच-साडेपाच अंशांचा. अकोल्यात पारा ४४ वर असताना चिखलदऱ्यातही दुपार ३८-३९ अंशांची निघू शकते. रात्री मात्र सुखाच्या असतात.

चिखलदऱ्यातली भर पावसाळ्यातली गर्दीही थोडी फसते. भीमकुंडाचे धबधबे जोरात असतात, पण धुके उतरले की पंचबोल पॉइंटवरून पांढऱ्या पडद्याशिवाय काही दिसत नाही. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, पाणी वाहते असते आणि दऱ्याही उघड्या होतात. गाविलगड किल्ला पायी पाहायला हिवाळा उत्तम. स्वेटर मात्र हवाच. वाघ पाहायचा असेल तर हिशोब फिरतो. एप्रिल-मेमध्ये रान झडलेले असते आणि जनावरे पाणवठ्यावर येतात, तर पावसाळ्यात मेळघाटच्या गाभा क्षेत्रातली सफारी सहसा बंद असते.

युरोप थंड, तेव्हा उन्हाळ्यात कधीही जावे, हा समज दक्षिण युरोपला लागू नाही. ११ ऑगस्ट २०२१ रोजी सिसिलीत ४८.८ अंशांची नोंद झाली. रोम-अथेन्ससाठी एप्रिल-मे किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध बरा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनअखेरीस उघडतात, म्हणून सहल जूनवर ढकलली जाते. तोवर तिकडचा उकाडा सुरू झालेला असतो. मे महिना त्याहून सोयीचा. दिवाळीच्या सुट्टीत गेल्यास छत्री लागते, कारण रोममध्ये पावसाचे दिवस तेच.