मोबाइलमधली नोंदवही

मुलांनो, केनिया देशात आरोग्यसेवक घरोघर जातात. कित्येक गावांत मोबाइलला नेटवर्क मिळत नाही. मग बाळाला ताप आहे, ही नोंद ते कोठे करणार?

त्यांच्या मोबाइलमध्ये 'पाऊचडीबी' नावाची सोय असते. ती नोंद आधी मोबाइलमध्येच ठेवते. नेटवर्क मिळाले, की दूरच्या सर्व्हरशी तिची गाठ पडते. तेथे 'काऊचडीबी' असते. तिचे काम डेमियन कॅट्झ यांनी २००५ मध्ये सुरू केले. दोघी जणू एकमेकींना विचारतात, "मागच्या भेटीनंतर नवे काय?" नवे असेल तेवढेच इकडून तिकडे जाते. सगळी वही पुन्हा उतरवावी लागत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. समजा, एकाच बाळाची नोंद दोघांनी आपापल्या मोबाइलवर बदलली. एकाने वजन सात किलो लिहिले, दुसऱ्याने नऊ. आता खरे कोणते? यंत्राला बाळ थोडेच दिसते! ते बदलांचे क्रमांक पाहून एक नोंद वर ठेवते. दुसरी मात्र पुसत नाही. वरची नोंद बरोबरच असेल, असे नाही. म्हणून दोन्ही नोंदी माणसाला दिसतील, अशी व्यवस्था प्रोग्राम लिहिणाऱ्याने करावी लागते.

आणि नेटवर्क मिळण्यापूर्वीच मोबाइल हरवला, तर? त्या दिवसाच्या नोंदी गेल्याच.