कागदावरून पुसलेला सामना

करावे गावातून रेल्वेरूळ ओलांडून शीव-पनवेल महामार्गाकडे गेलं की नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम लागतं. भारतीय महिला फुटबॉल संघाच्या वाटचालीतला सर्वांत विचित्र प्रसंग इथेच घडला. २० जानेवारी २०२२, आशियाई करंडक, यजमान भारत. समोर या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरलेला इराण. जोर आपला, संधीही आपल्याच जास्त, पण इराणची गोलरक्षक जोहरे कौदाई काही बधेना. सामना ०-० सुटला.

तीन दिवसांनी चायनीज तैपेईशी गाठ होती. तोवर करोना थेट संघाच्या मुक्कामात शिरला. नियमाप्रमाणे किमान १३ खेळाडू हवेत. तेवढ्याही धडधाकट उरल्या नाहीत. सामना झालाच नाही. भारताने माघार घेतली असं आशियाई महासंघाने धरलं आणि इराणबरोबरची बरोबरीही रद्दबातल केली. एकही सामना न हरता यजमान संघ घरच्याच स्पर्धेतून बाद झाला! शिवाय २०२३च्या विश्वचषकाची वाटही याच स्पर्धेतून जात होती. ६ फेब्रुवारीला याच मैदानावर चीनने दोन गोलांची पिछाडी भरून काढत, भरपाई वेळेतल्या गोलवर दक्षिण कोरियाला ३-२ असं हरवलं आणि करंडक नेला.

नशीब फिरलं, असं म्हणून हे सोडून देता येईल. पण या संघाचं नुकसान प्रतिस्पर्ध्यांपेक्षा घरच्या अनास्थेनेच जास्त केलं आहे. सुरुवात तर झकास होती. १९७५मध्ये महिला फुटबॉलची वेगळी संघटना उभी राहिली. १९८०च्या जानेवारीत कालिकतला आशियाई स्पर्धा भरली, तिथे भारताने चक्क दोन संघ उतरवले. त्यातला एक अंतिम फेरीत गेला आणि तैवानकडून ०-२ हरला. गोव्याची योलांडा डिसूझा ही त्या काळातली गाजलेली खेळाडू. १९८१मध्ये हाँगकाँगला तिसरा क्रमांक, १९८३मध्ये बँकॉकला थायलंडकडून हरून पुन्हा उपविजेतेपद. शांती मलिकला त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळाला.

एवढं सगळं होऊन १९९१मध्ये चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक भरला, तेव्हा भारत त्यात नव्हता. पुढे तर दीड वर्षाहून जास्त काळ एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळल्यामुळे २००९मध्ये फिफाने भारताचं नाव क्रमवारीतूनच काढलं. खेळाडू होत्या, सामने नव्हते. सामने मिळायला लागल्यावर काय झालं? २०१० ते २०१९ दरम्यान दक्षिण आशियाई स्पर्धा सलग पाच वेळा जिंकली. अर्थात दक्षिण आशिया म्हणजे आशिया नव्हे, आणि २०२२ व २०२४मध्ये बांगलादेशने तेही विजेतेपद पटकावलं.

खरी परीक्षा आशियाई करंडकाच्या २०२५च्या पात्रता फेरीत होती. चियांग माईला मंगोलियावर १३, तिमोर-लेस्तेवर ४, इराकवर ५ गोल चढवले, एकही न स्वीकारता. गटातून एकच संघ पुढे जाणार होता आणि शेवटचा सामना यजमान थायलंडशी होता. २०१५ आणि २०१९चे विश्वचषक खेळलेला हा संघ. ५ जुलैला संगीता बासफोरने २८व्या मिनिटाला गोल केला. मध्यंतरानंतर लगेच थायलंडने बरोबरी साधली. ७४व्या मिनिटाला पुन्हा संगीताच. २-१. पात्रता फेरी खेळून आशियाई करंडकाची मुख्य फेरी गाठण्याची भारताची ही पहिलीच वेळ.

त्याच वर्षी २ नोव्हेंबरला नेरुळचं स्टेडियम तुडुंब भरलं होतं, पण फुटबॉलसाठी नव्हे. भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक तिथेच जिंकला.