पहाटेचे अनपेक्षित दान

झाशी म्हटले की मराठी माणसाला किल्ला आणि राणी लक्ष्मीबाई यांची आठवण होते. मलाही तीच झाली होती. नोकरीच्या निमित्ताने झाशीच्या छावणीत राहण्याचा योग आला, तेव्हा सूर्योदयाच्या प्रकाशात किल्ल्याचे एक सुंदर छायाचित्र घ्यायचे, एवढाच माझा संकल्प होता. ते छायाचित्र मनासारखे कधीच आले नाही. परंतु त्यासाठी ज्या पहाटा मी घराबाहेर काढल्या, त्यांनी न मागितलेले बरेच काही दिले.

छावणीतले रस्ते रुंद, आणि दुतर्फा जुने कडुलिंब, चिंचा, पिंपळ. पहाटे या झाडांच्या ढोलींजवळ राखी धनेशाची कर्कश साद ऐकू येई. मात्र लष्करी हद्दीत छायाचित्रणास मनाई असल्याचे फलक जागोजागी असतात, आणि ती मनाई पाळणे आपले कर्तव्यच आहे. त्यामुळे हद्द ओलांडून बाहेरच्या माळावर पोहोचेपर्यंत कॅमेरा पिशवीतच राही. तोवर फक्त पाहायचे. या सक्तीचा मला फायदाच झाला असे आज वाटते. कॅमेरा हाती आला की माणूस पाहणे विसरतो.

पहाटच का, असा प्रश्न कोणी विचारील. सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा त्याच्या किरणांना वातावरणाचा अधिक जाड थर ओलांडावा लागतो. या प्रवासात निळा प्रकाश इतस्ततः विखुरतो आणि तांबूस-सोनेरी प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचतो. शिवाय तो वरून न येता बाजूने येतो. त्यामुळे सावल्या लांबतात आणि गवताचे पाते, दगडाचा खडबडीतपणा, पिसांची रचना ही सारी उठून दिसतात. दुपारच्या उन्हात हेच दृश्य सपाट होते.

दुसरे कारण सजीवांच्या वागण्यात आहे. पावसाळा सरल्यानंतरच्या एका सकाळी किल्ला धुक्यात पुरता बुडाला होता. निराश होऊन मी खाली पाहिले, तर गवताच्या प्रत्येक काडीवर जणू काचेचे मणी ओवलेले. जवळ जाऊन पाहता, त्यांतले काही मणी एका चतुराच्या पंखांवर होते. रात्री निरभ्र आकाशाखाली गवत उष्णता गमावून थंड होते, आणि त्याच्या पृष्ठभागावर हवेतील बाष्पाचे दव होते. चतुर तर थंड रक्ताचा कीटक. शरीर तापल्याशिवाय त्याचे उडण्याचे स्नायू काम करीत नाहीत. म्हणून एरवी क्षणभरही स्थिर न राहणारा हा प्राणी पहाटे दवात भिजून निश्चल बसतो. मी तिपाई लावली, श्वास रोखला. पंधरा-वीस मिनिटांनी ऊन पोहोचले, पंख थरथरू लागले, आणि तो गेला. किल्ला तेवढ्यात धुक्यातून बाहेर आला होता. मला त्याचे भानच नव्हते.

अशा अनपेक्षित लाभांतला सर्वांत विलक्षण लाभ आपल्या खानदेशातला आहे. वनपिंगळा नावाचे छोटे घुबड १८८४ नंतर कोणालाही निश्चितपणे आढळले नव्हते. ते नामशेष झाले असावे, असे अनेक अभ्यासक मानीत. १९१४ सालचा म्हणून दाखवला जाणारा एक नमुना होता; पण पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील नमुने तपासले तेव्हा त्याची नोंद बनावट असल्याचे उघड झाले. मग जुन्या, विश्वसनीय नोंदींच्या आधारे त्या आपल्या सहकाऱ्यांसह शोधाला निघाल्या. अन्य ठिकाणी निराशा पदरी पडली. अखेर २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, बेन किंग यांना एका झाडावर तो पिंगळा बसलेला दिसला. हे घुबड दिवसाही वावरते, त्यामुळे पुरेसा उजेड होता. पक्ष्याची छायाचित्रे घेण्यात आली, चित्रीकरण झाले. एकशे तेरा वर्षांनंतर पुरावा मिळाला, आणि त्यासाठी पक्ष्याला मारावे लागले नाही.

हे वाचल्यावर छायाचित्राकडे पाहण्याची माझी दृष्टी पालटली. सुंदर चित्राइतकीच त्यामागची तारीख आणि जागाही महत्त्वाची आहे, हे ध्यानात आले. मी एक नोंदवही ठेवू लागलो.

झाशीपासून वीस किलोमीटरांच्या आत, बेतवा नदीच्या काठी, ओरछा हे गाव आहे. तेथे बुंदेला राजांच्या भव्य छत्र्या आहेत. जानेवारीतल्या एका सकाळी पलीकडच्या तीरावरून मी त्यांची छायाचित्रे घेतली. घरी येऊन एक छायाचित्र मोठे करून पाहिले, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या एका कोनाड्यात, पांढऱ्या विष्ठेच्या ओघळांच्या वर, एक गिधाड बसलेले दिसले आणि त्याच्या पायांशी कापसासारखे पिल्लू. प्रत्यक्ष तिथे उभा असताना मला काहीच दिसले नव्हते!

लांब चोचीचे हे गिधाड कड्यांवर आणि अशा उंच वास्तूंवर घरटे करते. शरीर जड असल्यामुळे जमीन तापून हवेचे ऊर्ध्वगामी प्रवाह सुरू होईपर्यंत गिधाडे सहसा उड्डाण करीत नाहीत; म्हणूनच सकाळी ती जागेवर सापडतात. या जातीची मादी वर्षाला एकच अंडे घालते. १९९० च्या दशकापासून भारतातील या गिधाडांची संख्या पंधरा वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. २००६ मध्ये गुरांसाठी त्याच्या वापरावर भारतात बंदी आली; २०२३ मध्ये आणखी दोन औषधांवर आली. अशा स्थितीत एका पिल्लाचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको.

मी त्यानंतर अनेकदा गेलो, पण नदीच्या अलीकडे आलो नाही. आणखी जवळून छायाचित्र घेण्याचा मोह होई; परंतु घाबरलेला पक्षी घरटे सोडून गेला, तर पिल्लाचे काय? लांबूनच पाहिले. फेब्रुवारीत पिल्लाला काळपट पिसे फुटली. मार्चमध्ये ते कोनाड्याच्या कडेला येऊन पंख पसरू लागले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कोनाडा रिकामा होता. छत्रीच्या कळसावर तीन गिधाडे बसली होती. त्यांतले एक नवखे असावे असे वाटले, परंतु त्या अंतरावरून खात्री करता येईना. साडेनवाच्या सुमारास ती एकापाठोपाठ एक हवेत झेपावली आणि घिरट्या घेत वर गेली. वहीत मी तारीख लिहिली, वेळ लिहिली, ‘कोनाडा रिकामा, कळसावर तीन’ असे लिहिले, आणि पुढे एक प्रश्नचिन्ह काढले.