इतिहासाची वही (भाग ६) : बसऱ्याला गेलेले कोकण

‘पहिल्या महायुद्धाची कारणे लिहा.’ लोट्यातल्या, खेडातल्या, चिपळुणातल्या कुठल्याही हायस्कूलच्या वहीत हा प्रश्न सापडेल आणि त्याखाली उत्तरही जवळपास सारखेच असेल. साम्राज्यवाद, आक्रमक राष्ट्रवाद, लष्करवाद, गुप्त करार आणि तात्कालिक कारण म्हणून साराजेव्होचा खून. गेल्या आठवड्यात आपण गुप्त करार पाहिले. आज यादीतला पहिला मुद्दा घेऊ. पहिला असूनही तोच सर्वांत घाईने उरकला जातो. ‘कच्चा माल व बाजारपेठ यांसाठी युरोपीय राष्ट्रांत स्पर्धा लागली,’ एवढे लिहिले की मुले पुढच्या मुद्द्याकडे वळतात. वाक्य बरोबर आहे, गुणही मिळतात. पण त्यात एक माणूस नाही, एक गाव नाही. माझे म्हणणे असे आहे की हा मुद्दा रत्नागिरी जिल्ह्यातच पुरा समजतो, आणि इथे समजला की बाकीचे चार घोकावे लागत नाहीत.

थिबा राजवाडा आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो. लाल भिंती, लाकडी छत, मागे भाट्याची खाडी. फोटो काढून सहल पुढे जाते. ब्रह्मदेशाचा राजा थिबा इथे का आणून ठेवला, याचे उत्तर म्हणजेच वहीतला पहिला मुद्दा. त्यातला कच्चा माल होता साग. मुंबईच्या वॉलेस बंधूंनी १८६३ मध्ये काढलेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी उत्तर ब्रह्मदेशातल्या जंगलांतून सागाचे ओंडके तोडून नेत असे. दाखवले त्यापेक्षा जास्त ओंडके नेले आणि राजाचा हक्क बुडवला, असा ठपका राजधानी मंडालेच्या दरबाराने १८८५ मध्ये कंपनीवर ठेवला आणि सुमारे २३ लाख रुपयांचा दंड केला. ‘राष्ट्रांतली स्पर्धा’ही इथेच दिसते. शेजारच्या व्हिएतनाममध्ये फ्रान्स पाय रोवत होता आणि त्याच वर्षी जानेवारीत थिबाच्या दरबाराशी त्याने करार केला होता. मंडालेत फ्रेंच बसले तर हिंदुस्थानच्या पूर्वेच्या दारात दुसरी सत्ता उभी राहील, ही इंग्रजांची धास्ती.

ऑक्टोबरात निर्वाणीचा खलिता गेला. नोव्हेंबरच्या मध्यावर इरावतीतून आगबोटी वर निघाल्या आणि दोन आठवड्यांत मंडाले पडले. १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्याला जोडल्याची घोषणा झाली. एका लाकूड कंपनीच्या दंडावरून एक राज्य नकाशावरून गेले. थिबा तेव्हा अवघ्या सत्तावीस वर्षांच्या आतबाहेरचा होता. त्याला आधी मद्रासला आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणले. रेल्वे नाही, पावसाळ्यात समुद्र बंद, घाटापलीकडे जायला दिवस लागायचे. कैद्यासाठी याहून सोयीची जागा कुठली! आज आपण पाहतो तो राजवाडा त्याच्यासाठी १९१० च्या सुमारास बांधून झाला आणि डिसेंबर १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला.

आता याच्या शेजारी दुसरे नाव लिहा. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ पासून १९१४ पर्यंत कुठे होते? मंडालेच्या तुरुंगात. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा पुढारी मंडालेत, अशी ती सहा वर्षे. त्याही आधी, १८५८ मध्ये, दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला पाठवले होते. साम्राज्याचा नकाशा असा वाचावा. ज्याला त्याच्या माणसांपासून तोडायचे त्याला साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवायचे, म्हणजे तो जिवंत राहतो आणि त्याचा आवाज मात्र पोचत नाही. टिळक जून १९१४ च्या मध्यावर सुटून पुण्याला आले. त्याच महिन्याच्या २८ तारखेला साराजेव्होत गोळी झाडली गेली.

पण साम्राज्याला साग आणि बंदरे यांहून जास्त गरज होती ती माणसांची, आणि इथे कोकणाचा हिशेब सुरू होतो.

रत्नागिरी जिल्ह्यातला तरुण पलटणीत का गेला, हे त्याच्या घरच्या शेतात शोधावे लागते. डोंगरउताराची तुटपुंजी जमीन, वर्षाला भाताचे एक पीक, वरकस जमिनीवर नाचणी-वरी आणि वर खोत. अर्धेलीने कसणाऱ्या कुळाने निम्मे भात खोताच्या खळ्यात घालायचे, शिवाय वेठ वेगळी. ही खोती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने संपली. त्याआधी १९३७ मध्ये ती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात मांडले होते. अशा घरातल्या मुलाला तीनच वाटा दिसत होत्या. मुंबईची गिरणी, बोट आणि पलटण. महायुद्ध सुरू झाले तेव्हा साध्या शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. हा आकडा आज क्षुल्लक वाटेल, पण ज्या घरात रोख रुपया दिवाळीलाही दिसत नसे त्या घरासाठी तो मोठा होता. ‘लोक स्वखुशीने भरती झाले’ असे वाक्य वहीत लिहिताना त्या खुशीमागे खोताचे खळे होते, हेही लिहायला हवे.

सरकारला हे सगळे नीट ठाऊक होते. लष्कराने भरती अधिकाऱ्यांसाठी जातवार पुस्तिका छापल्या होत्या; बेथम नावाच्या अधिकाऱ्याने १९०८ मध्ये मराठे आणि दख्खनी मुसलमान यांच्यावर लिहिलेली त्यांतलीच एक. कोकणी मराठे आणि देशावरचे मराठे असे वेगळे गट पाडून कोण कसा शिपाई होईल, हे त्या काळी सरकारी ज्ञान समजले जाई. त्याच ज्ञानाने काहींना दारे बंद केली. खेडच्या शेजारचे दापोली आठवा. तिथे इंग्रजांची छावणी होती, म्हणून जुनी माणसे अजून कॅम्प दापोली म्हणतात. तिथे पेन्शनरांची वस्ती होती आणि त्यांत महार पलटणींचे कितीतरी सुभेदार-जमादार होते. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे बाबासाहेबांचे वडील, निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच राहिले. १८९० नंतर ‘लढाऊ जाती’ ठरवणाऱ्या नव्या धोरणाने महारांची भरती बंद झाली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बंदूक चालवली त्यांना लढण्यास नालायक ठरवले गेले. दापोलीत राहणाऱ्या गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध अर्ज तयार केला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा मागणी केली, कुणी दाद घेतली नाही. मग १९१७ मध्ये माणसे कमी पडू लागली आणि १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरली, १९२१ मध्ये ती मोडली. मला या एका गोष्टीत साम्राज्यवादाची जेवढी स्वच्छ ओळख पटते तेवढी बिस्मार्कच्या सगळ्या करारांत पटत नाही.

हे लोक लढले कुठे? पुस्तकातल्या नकाशात फ्रान्समधले खंदक असतात. मराठा पलटणींचे मुख्य युद्ध मात्र आजच्या इराकमध्ये झाले, तेव्हाच्या मेसोपोटेमियात. इराणच्या आखाताच्या माथ्याशी अबादानला अँग्लो-पर्शियन कंपनीचा तेलशुद्धी कारखाना होता. ब्रिटिश आरमार कोळसा सोडून तेलावर चालू लागले होते आणि ब्रिटिश सरकारने १९१४ मध्येच त्या कंपनीचे निम्म्याहून जास्त भाग विकत घेतले होते. तुर्कस्तान युद्धात उतरताच नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदुस्थानी फौज फाव येथे उतरली आणि महिनाअखेरीआधी बसरा हाती आले. पुढे टायग्रिसच्या काठाने बगदादकडे गेली ती सहावी डिव्हिजन. तिचे नावच पूना डिव्हिजन. तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या.

बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला नोव्हेंबर १९१५ मध्ये मोठी हानी झाली आणि डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड मागे हटून कुत-अल-अमारा या नदीच्या वळणातल्या गावात शिरला. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला. तो जवळपास पाच महिने टिकला. धान्य संपत आले तेव्हा घोडे आणि खेचरे कापायला सुरुवात झाली. पुष्कळ हिंदी शिपायांनी ते मांस खाण्यास नकार दिला. प्रश्न नुसता धर्माचा नव्हता; हे खाऊन घरी गेलो तर जातीत घेतील का, मुलीबाळींची लग्ने होतील का, ही भीती होती. टाउनशेंडने हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवल्या. शेवटी अनेकांनी खाल्ले, पण तोवर स्कर्व्हीने हिरड्या सुजून माणसे आडवी पडली होती. वेढा फोडायला खालून जी फौज येत होती तिचेच सुमारे २३ हजार लोक मेले किंवा जखमी झाले. आत अडकलेल्यांहून हा आकडा मोठा. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजारांनी शरणागती पत्करली. त्यांतल्या शिपायांना उन्हात वाळवंटातून चालवत नेले, कित्येकांना बगदादच्या रेल्वेमार्गावर राबवले आणि हजारो परतलेच नाहीत. टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगल्यात राहिला.

बोटीवरच्या माणसांना तर पुस्तकात जागाच नाही. पी. अँड ओ.सारख्या कंपन्यांच्या जहाजांवर डेकवरचे खलाशी बरेचसे गुजरात आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे असत. आपल्या दाभोळ, बाणकोट, जयगडच्या खाड्यांकाठच्या कोकणी मुसलमान घरांत हा पिढीजात धंदा होता. जर्मन पाणबुड्यांनी जहाजे बुडवली तेव्हा ही माणसे बंदूक न धरता मेली. मुंबईत मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या युद्धात बुडालेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचे स्मारक आहे. मुंबईला जाणारी इतकी माणसे त्या भागातून जातात, पण ते बघायला फार थोडे थांबतात.

लोट्याच्या मुलांसाठी आणखी एक धागा आहे, कारण त्यांच्या घरात कुणी ना कुणी एमआयडीसीत कामाला असते आणि रंग, औषधे, कीटकनाशके यांच्या कच्च्या मालाची नावे त्यांच्या कानावर असतात. १९१४ पूर्वी जगातले बहुतेक कृत्रिम रंग जर्मनीत बनत. १८९७ मध्ये तिथे कृत्रिम नीळ बाजारात आली आणि बंगाल-बिहारच्या निळीचा धंदा बसला. युद्धाने तो रंग येणे थांबले, मुंबईच्या गिरण्यांत रंगाचे भाव कडाडले आणि निळीची लागवड काही काळ पुन्हा वधारली. जर्मनीच्या याच रंग कारखान्यांकडे क्लोरिनचे साठे होते. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रला तो वायू सोडला गेला. चार दिवसांनी त्याच आघाडीवर हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन हल्ल्याला उतरवली. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची हाबर-बॉश पद्धत जर्मनीत १९१३ पासून कारखान्यात चालू होती. तिच्यामुळे चिलीहून सोरा येणे बंद पडूनही जर्मनीची स्फोटके संपली नाहीत. आज त्याच पद्धतीने बनवलेल्या अमोनियापासून युरिया बनतो. रसायनशास्त्राचे सर आणि इतिहासाच्या बाई यांनी हा धडा मिळून शिकवावा, असे मला मनापासून वाटते.

युद्धाने हिंदुस्थानला काय दिले? सुमारे ७४ हजार मृत. त्यावर ब्रिटनला १० कोटी पौंडांची ‘भेट’, जी रयतेच्या खिशातून गेली. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरलेला इन्फ्ल्युएन्झा, ज्याने देशात सव्वा कोटीच्या आसपास माणसे नेली. त्याच जूनमध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत स्वराज्याचा उल्लेख करताच गव्हर्नर विलिंग्डनने टिळकांना बोलू दिले नाही, आणि ते उठून बाहेर पडले. पुढच्या मार्चमध्ये रौलट कायदा आला. व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानची सही आहे, पण ती करणारे होते भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज.

आता या आठवड्याचा गृहपाठ. महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक पांढरी पाटी असते. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, असे इंग्रजीत आणि बऱ्याचदा मराठीतही कोरलेले. पाटीवर आकडा असतो, नावे नसतात. बसऱ्याच्या स्मारकावरही हेच झाले. ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली. हिंदी शिपायांची पलटणवार फक्त संख्या लिहिली. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने या भेदभावाबद्दल माफी मागितली ती एप्रिल २०२१ मध्ये, शंभर वर्षांनी.

म्हणून आपल्या किंवा शेजारच्या गावात अशी पाटी आहे का ते पाहा आणि असल्यास तिच्यावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवा. मग घराघरांत विचारा. पणजोबांच्या ट्रंकेत पलटणीचा दाखला, पेन्शनचे पुस्तक, कडेला पलटणीचे नाव कोरलेले पदक असेल. पुष्कळ ठिकाणी ‘आमचा खापरपणजा बसऱ्याला गेला होता’ एवढेच सांगतील. तेही तारखेसकट लिहून ठेवा. आयोगाची मृतांची यादी मोबाईलवर पाहता येते. तिथे पलटणीचा क्रमांक आणि आडनाव घालून शोधा, गावाचे नाव निरनिराळ्या इंग्रजी स्पेलिंगने घालून बघा. सापडलेली नावे वहीत पाटीवरच्या आकड्यासमोर एकेक करून लिहा. बोटीवर गेलेल्यांची यादी वेगळी करा, ती पाटीवर धरलेली नसते.

पुढच्या भागात १९४२ साल घेऊ : रंगून पडले आणि कोकणात रोज शिजणारा ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा थांबला, तेव्हा खेड-दापोलीच्या घरांत काय झाले.