प्रक्षेपणाची घटिका आणि घरातील मूल

घरात दूरचित्रवाणी घ्यावयाचीच नाही, असा निर्णय करणारी कुटुंबे आता केवळ महानगरांत आढळतात असे नाही. धाराशिव जिल्ह्यातील येडशी या गावी प्रस्तुत लेखकाचे घर आहे. त्याच्या छपरावर तबकडी नाही. चार वर्षांच्या मुलीने जाहिरातींच्या संगतीत वाढू नये, एवढाच त्यामागील हेतू होता, आणि तो बऱ्याच अंशी साध्यही झाला. परंतु ज्या विकारासाठी पथ्य धरले तो बरा झाला, असे म्हणवत नाही. घरात मोबाईल आहे, त्यावर यूट्यूब आहे, आणि सायंकाळी तो हातातून काढून घेताना रोज जो आकांत होतो, तसा दूरदर्शनसमोर वाढलेल्या आमच्या पिढीने केल्याचे स्मरत नाही. आम्ही अधिक गुणी होतो, असे मानण्यास आधार नाही. फरक माध्यमाच्या घडणीत शोधावा लागतो.

प्रक्षेपण हे मुळात वेळापत्रक होय. १९७५-७६ मधील उपग्रह-दूरचित्रवाणीचा प्रयोग पाहावा. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत तो झाला. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण आपल्या सीमेलगतचा गुलबर्गा जिल्हा होता. सकाळी शाळकरी मुलांसाठी दीड तास, सायंकाळी प्रौढांसाठी अडीच तास, आणि मग पडदा काळा. अमेरिकेने उसना दिलेला उपग्रह ३१ जुलै १९७६ नंतर परत गेला, तेव्हा तो प्रयोगदेखील ठरल्या दिवशीच संपला! पुढे २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी ‘रामायण’ मालिका दिसू लागली. गल्ल्या ओस पडत, ज्याच्या घरी संच असे त्याच्या ओसरीवर शेजारपाजार जमे. भाग संपला की उरलेला आठवडा वाट पाहण्यात जाई. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. एकच वाहिनी असणे ही निवड नव्हती, निरुपाय होता. तथापि समाप्तीची सूचना घरातील कोणी देत नसे, ती केंद्राकडून येई. तिच्याविरुद्ध रडून उपयोग नाही, हे तीन वर्षांच्या मुलालाही कळे.

रेमंड विल्यम्स यांनी १९७४ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीचे वर्णन ‘प्रवाह’ या संज्ञेने केले होते. कार्यक्रम सुटे न राहता एकमेकांत मिसळतात आणि प्रेक्षक त्या ओघात बसून राहतो, असे त्यांचे निरीक्षण होते. आपल्याकडील दूरदर्शनला ते त्या वेळी फारसे लागू पडत नव्हते. १९९०च्या दशकातील उपग्रह-वाहिन्यांना लागू पडू लागले. स्ट्रीमिंगमध्ये मात्र या प्रवाहाला व्यक्तिगत रूप आले आहे. एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होते, आणि ती याच प्रेक्षकाने पूर्वी काय पाहिले, कोठे रेंगाळला, यावरून निवडलेली असते. शेवट ही घटनाच रचनेतून काढून टाकलेली आहे. म्हणून समाप्तीचे काम घरातील माणसावर येते, बहुधा आईवर. मुलाच्या दृष्टीने कार्यक्रम संपलेला नसतो, तो आईने हिरावून घेतलेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोर बसण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली. ती योग्यच आहे. पण तास भरला हे मुलाला कोणी सांगावयाचे, हा प्रश्न मर्यादा सांगून सुटत नाही.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने त्याला दिलेले उत्तर म्हणूनच अभ्यासकांनी बारकाईने पाहावे. कोरोनाकाळात अभ्यासासाठी मुलांच्या हाती आलेला मोबाईल शाळा उघडल्यावरही सुटेना, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने ठराव केला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजतो, आणि साडेआठपर्यंत दूरचित्रवाणी व मोबाईल दोन्ही बंद. पुरुषांनी प्रथम ही कल्पना हसण्यावारी नेली होती. ती उचलून धरली स्त्रियांनी, आणि स्वतःच्या मालिका बंद ठेवण्याचे मान्य करून. आमच्याच जिल्ह्यातील उमरगा तालुक्यात जकेकूरवाडी या लहान गावानेही सायंकाळी सहा ते आठ असाच नियम केला. या प्रयोगांची कसोटी परीक्षेतील गुणांवर लावण्याची घाई अनेकांना होते. प्रस्तुत लेखकास महत्त्व वाटते ते निराळ्या गोष्टीचे: केंद्राने सोडून दिलेली घटिका गावाने पुन्हा हाती घेतली, आणि ‘आता पुरे’ हा शब्द आईच्या तोंडून काढून भोंग्याच्या तोंडी घातला. याच सुमारास यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलच वर्ज्य केला. तेथे बंधन फक्त मुलांवर आहे. वडगावात ते मोठ्यांवरही आहे, आणि हा भेद लहान नव्हे.

येडशीत भोंगा वाजवून भागेल असे वाटत नाही. गाव मोठे, हमरस्त्यावरचे. दुकाने आणि वाहने यांची सायंकाळ वेगळी. आमच्या आळीतील तीन घरांनी एवढेच केले की, मुलांनी सायंकाळी साडेसहाला एकाच ओसरीवर बसून एकच भाग पाहावा. तो आधी उतरवून घेतलेला असतो आणि मोबाईलचे इंटरनेट बंद असते, त्यामुळे पुढचा भाग येतच नाही. पहिले आठ दिवस फार वाईट गेले. अजूनही मुलगी ‘आणखी एक’ म्हणते, पण पडदा काळा झाल्यावर ती आईकडे वळत नाही. शेजारचा मुलगा उठला का, ते पाहते.